छाटणी आणि खुंट

गुलाबाच्या फुलावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. गुलाबाच्या झाडावर मात्र फार थोडे. कवितेत गुलाब येतो तो उमललेलाच येतो. त्याला देठ असतो, क्वचित काटाही असतो, पण खोड आणि मुळे सहसा नसतात. दसऱ्याच्या सुमारास गुडघ्याइतके उरलेले, पाने नसलेले, टोकांना निळसर लेप फासलेले त्याचे बोडके रूप कुण्या कवीने पाहिले असेलच. पण ते लिहिण्याजोगे त्याला वाटले नसावे. शब्दाचा इतिहासही याला पूरकच आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे 'गुलाब' हे मुळात फुलाचे नाव नव्हे, फुलापासून काढलेल्या सुगंधी पाण्याचे. आपण ते फुलाला दिले आणि फुलावरून झाडाला. आपल्या जुन्या निघंटूंतली 'शतपत्री' आणि 'तरुणी' ही नावेही फुलाकडे पाहूनच ठेवलेली दिसतात. झाड नेहमीच शेवटी येते.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) मराठी वाचकाला महिन्यामहिन्याने झाडांकडे पाहायला शिकवले. पाहणे आणि कापणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाहणाऱ्याला झाडाविषयी काही ठरवावे लागत नाही. कापणाऱ्याला प्रत्येक काडीपाशी थांबून ठरवावे लागते. हे टिपण त्या ठरवण्याविषयी आहे.

भंडारा जिल्हा हा गुलाबांचा प्रदेश नव्हे. तो धानाचा प्रदेश आहे, तलावांचा आणि वैनगंगेचा. इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी मातीची नावे आहेत ती कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बर्डी अशी, आणि त्या प्रत्येक नावामागचा प्रश्न एकच असतो: या बांधीत धान कसे होईल? पाणी धरून ठेवणे हा इथल्या मातीचा गुण मानला जातो. गुलाबाला नेमके उलटे हवे असते. त्याच्या मुळांना ओल हवी, पण साचलेले पाणी नको. त्यामुळे या भागात ज्याला घरी गुलाब लावायचा असेल त्याला आधी खड्डा करून मूळची माती काढावी लागते, तळाशी विटांचे तुकडे टाकावे लागतात, नदीची रेती आणि कुजलेले शेणखत मिसळावे लागते आणि वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा लागतो. माझ्या वडिलांनी भंडाऱ्याच्या आमच्या घरामागे, ज्याला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात तिथे, १९७८ साली असे दोन वाफे केले. ते शाळेत शिक्षक होते. शेजारीपाजारी त्यांना विचारीत, "गुरुजी, याचं खाता काय येते?" त्यावर ते हसून म्हणत, "याचं खाता येत नाही म्हणूनच दोन वाफ्यांवर थांबलो."

बागकामाची पुस्तके त्या काळी बहुतेक इंग्रजी असत, आणि इंग्लंडात लिहिलेली असत. त्यांत छाटणीचा महिना मार्च सांगितलेला असे. तिकडे ते बरोबरच आहे. थंडीत झाड झोपलेले असते, हिम संपत आले की त्याला जागे करायचे. विदर्भात मार्चमध्ये छाटलेल्या गुलाबाची कोवळी फूट एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत होरपळून जाईल. आपल्याकडे झाडाची खरी परीक्षा थंडीत नसते, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असते; थंडी हा त्याचा सुखाचा काळ. म्हणून छाटणी पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरात. त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, डिसेंबराच्या गारव्यात, वर्षातली सर्वांत चांगली फुले येतात. हे ज्ञान भारतात शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत डॉ. बी. पी. पाल (१९०६-१९८९) हे मोठे नाव. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या गव्हाच्या जाती निर्माण करणारे आणि १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले हे शास्त्रज्ञ गुलाबांचेही संकरक होते. त्यांचे 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक १९६६ साली निघाले. पोट भरणारे पीक आणि न खाता येणारे फूल या दोहोंना एकाच माणसाने आयुष्य द्यावे, याचे वडिलांना फार अप्रूप होते. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांना तिथे सापडले असावे.

वडिलांची एक वही होती. तीत दरवर्षीच्या छाटणीची तारीख, प्रत्येक झाडावर ठेवलेल्या काड्या, प्रत्येक काडीवर राखलेले डोळे आणि पहिल्या फुलाची तारीख अशी चार रकान्यांची नोंद असे. शेरा क्वचितच. ते २०१६ साली गेले. त्यानंतर वही माझ्याकडे आली, आणि वहीबरोबर दरवर्षी ऑक्टोबरात नागपुराहून भंडाऱ्याला जाऊन छाटणी करण्याचे कामही. आई तिथेच राहते.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगते. छाटणीच्या आधी काही दिवस पाणी तोडतात. मग झाडाकडे चारही बाजूंनी नुसते पाहायचे. आधी मेलेले लाकूड काढायचे, मग रोगट, मग एकमेकींवर घासणाऱ्या काड्या, मग पेन्सिलीहून बारीक फांद्या. मधला भाग वाटीसारखा मोकळा झाला की ऊन आणि वारा आत पोचतो. शेवटी तीन ते पाच निरोगी काड्या उरतात. त्यांची उंची कमी करायची. प्रत्येक काडीवर पानाच्या बेचक्यात एक बारीक फुगवटा असतो, त्याला डोळा म्हणतात. झाडाच्या बाहेरच्या अंगाला पाहणारा डोळा निवडून त्याच्या वर सुमारे पाव इंचावर सिकेटरने तिरपा काप द्यायचा. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळणार नाही. काप घेतल्यावर काडीच्या मध्यभागचा गाभा पाहायचा. तो पांढरा असेल तर ठीक. तपकिरी असेल तर मर रोग खाली उतरला आहे असे समजावे आणि पांढरा गाभा लागेपर्यंत खाली खाली कापत जावे. इथे दया उपयोगाची नाही.

कापलेल्या टोकांना बोर्डोपेस्ट लावतात. मोरचूद शंभर ग्रॅम, चुना शंभर ग्रॅम, पाणी एक लिटर. फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत १८८५ च्या सुमारास मिलार्दे या शास्त्रज्ञाने या मिश्रणाचा गुण जगापुढे आणला. आज विदर्भातल्या संत्र्याच्या खोडांवर दिसणारा निळसर-पांढरा पट्टा त्याचाच. वडील एक गोष्ट बजावून सांगत: भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव असले तरी मोरचूद धातूच्या भांड्यात कालवायचे नाही, मातीच्या नाहीतर प्लॅस्टिकच्याच. आणि मिश्रण झाल्यावर त्यात स्वच्छ विळ्याचे पाते बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. घरच्या घरी करता येणारी ही रसायनशास्त्राची परीक्षा मला लहानपणी जादूसारखी वाटे.

कापल्याने झाड वाढते, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिचे नवल वाटत नाही. खरे तर ते नवलच आहे. शेंड्याचा डोळा खालच्या सगळ्या डोळ्यांना दाबून ठेवतो. १९३३ साली थिमान आणि स्कूग या दोघांनी प्रयोगाने दाखवले की शेंडा खुडून त्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक लावले तर खालचे डोळे झोपलेलेच राहतात. म्हणजे दाब शेंड्याचा नव्हे, त्याच्याकडून खाली येणाऱ्या द्रव्याचा. पुढे २००८ साली फ्रान्स आणि जपानमधल्या दोन गटांनी फांद्या रोखणारी आणखी एक द्रव्यजात ओळखली: स्ट्रिगोलॅक्टोन. ही नवी नव्हती. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला ज्या द्रव्याच्या इशाऱ्याने उगवतो ते हेच, असे आधीपासून माहीत होते. ज्याने शेतकऱ्याचे पीक खाणारे तण जागे होते त्याच द्रव्याने झाडाचा डोळा निजून राहतो. गुलाबाच्या बाबतीत आणखी एक अट आहे. त्याच्या डोळ्याला फुटण्यासाठी उजेड लागतो. झाडाचा मधला भाग मोकळा करण्याचा जुना रिवाज या दृष्टीनेही योग्यच ठरतो.

आता खुंटाविषयी. बाजारातून आणलेला गुलाब हे बहुधा एक झाड नसते, दोन असतात. खाली एका काटक जातीचे मूळ आणि थोडे खोड, तो खुंट. त्याच्या सालीत चीर देऊन बसवलेला दुसऱ्या जातीचा डोळा, आणि त्या डोळ्यातून वाढलेले वरचे सगळे झाड. या कृतीला मराठीत 'डोळा भरणे' असा सुंदर शब्द आहे. मालकाचे लक्ष वरच्यावर असते. खुंट जमिनीखाली राबतो आणि त्याचे नावही कुणी विचारीत नाही. कधीमधी तो जोडाच्या खालून स्वतःची फूट काढतो. तिच्या पानांची ठेवण वेगळी असते, रंग फिकट असतो, वाढ जोमदार असते. ही फूट ठेवली तर ती मुळांचे सगळे बळ ओढून घेते आणि वरचा गुलाब हळूहळू मरतो. म्हणून नियम असा, की ती दिसताच उगमापासून उपटून काढावी. वडिलांच्या वहीत जे मोजके शेरे आहेत त्यांत हा तीनदा आला आहे: "खुंटाची फूट. काढली."

आमच्या वाफ्यांतल्या खुंटांची जात एडवर्ड. आमच्याकडे हिला कुणी 'गावठी गुलाब' म्हणते, कुणी गुलकंदाचा. पाकळ्या सैल, रंग गुलाबी, वास भरपूर. पण ती गावठी नव्हे. आफ्रिकेच्या पूर्वेला असलेल्या, एकेकाळी बोर्बाँ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेयुनियाँ बेटावर, कुंपणाला लावलेल्या दमास्क आणि चिनी गुलाबांच्या आपोआप झालेल्या संकरातून ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोकांच्या नजरेस आली. फ्रेंच 'एदुआर'चा आपण 'एडवर्ड' केला. आणि बारमाही फुलण्याचा जो गुण आपण गुलाबाचा स्वभावच समजतो तो युरोपातल्या गुलाबांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोचलेल्या चिनी गुलाबांमुळे पसरला. फुलणे रोखून धरणारे एक जनुक त्यांच्यात मुळात बिघडलेले असते, हे २०१२ साली उलगडले. म्हणजे ज्या गुणावर गुलाबाची सारी कीर्ती उभी आहे तो एक मोडलेला अडसर आहे. गावठी कोण आणि परदेशी कोण, हा प्रश्न गुलाबाला विचारण्यात अर्थ नाही.

दोन वाफ्यांच्या मधोमध वडिलांचे सर्वांत लाडके झाड होते, 'पीस'. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि कडांना गुलाबी झाक. फ्रान्सचे फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ मध्ये हा संकर केला. १९३९ साली युद्ध तोंडावर असताना त्यांनी त्याच्या काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेतल्या ओळखीच्या गुलाबवाल्यांकडे पाठवल्या. मग देशांमधला संपर्क तुटला. ज्याच्याकडे जे डोळे पोचले त्याने ते आपापल्या खुंटांवर भरले आणि आपापली नावे ठेवली. मेयाँनी स्वतः आपल्या आईचे नाव दिले होते, 'मादाम आ. मेयाँ'. अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी त्याचे 'पीस' असे नामकरण झाले. हे झाड फार छाटलेले सोसत नाही, त्याला हलकीच छाटणी मानवते. वहीत त्याच्यापुढे दरवर्षी इतरांपेक्षा दोन-तीन डोळे जास्तच लिहिलेले आहेत.

२०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी खाली आले, गोसेखुर्दचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडले गेले, आणि २९-३० ऑगस्टच्या सुमारास भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत नदी शिरली. आमचे घर थोडे उंचावर असल्याने उंबरठा ओला झाला नाही. पण वाडी उताराला आहे, ती पाण्याखाली गेली. करोनाचे दिवस होते. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागे. तो २ सप्टेंबरपासून रद्द झाला आणि मी त्या आठवड्यात घरी पोचले. आई सुखरूप होती. वाडीत घोट्याइतका गाळ होता आणि अठरा झुडुपे त्या गाळाच्या रंगाची होऊन उभी होती.

गुलाब पाण्यात मरतो तो पाण्याने नव्हे, हवा न मिळाल्याने. मातीच्या कणांमधली हवा निघून गेली की मुळे गुदमरतात आणि कुजतात. वरून हे लगेच कळत नाही. पाने पिवळी पडतात, गळतात. पण ती छाटणीआधीही गळतात. पूर ओसरल्यावर दोन-तीन आठवडे झाड जिवंत आहे की मेलेले, हे नुसते पाहून सांगता येत नाही. मला वाटत होते की मेलेले लाकूड ताबडतोब काढावे, म्हणजे मर रोग पसरणार नाही. आईचे म्हणणे वेगळे होते. "एवढ्या पुरातून ती उभी राहिली आणि तू लगेच सिकेटर घेऊन आलीस. त्यांचं त्यांना कळू दे आधी." हे भावनेचे बोलणे होते असे मी म्हणणार नाही. दुबळ्या झाडाचा साठा त्याच्या काड्यांतच असतो. तो कापून टाकला तर फुटायला बळ कुठून यायचे? दोन्ही बाजूंना आधार होता आणि झाडे अठराच होती, म्हणून प्रयोग करून पाहण्याची चैनही नव्हती. शेवटी एवढे ठरले की जे काळे पडले आहे तेवढेच काढायचे, बुंध्याभोवतीचा गाळ हाताने सारायचा, माती खुरप्याने हलकेच मोकळी करायची, खत अजिबात घालायचे नाही आणि थांबायचे.

त्या वर्षी अधिक आश्विन आला. दसरा गेला थेट २५ ऑक्टोबरवर. एरवी झाडाला पंचांगाशी कर्तव्य नसते, पण घराला असते. दसऱ्यानंतरच छाटणी हा वडिलांचा रिवाज आईने सोडला नाही, आणि झाडांना सावरायला आयते जास्तीचे दिवस मिळाले. सात झुडुपे तोवर उघड मेली होती. दहांना तांबूस फूट दिसत होती. 'पीस' मात्र तसेच होते: काळे, एकही डोळा हललेला नाही.

वाडीतली जड कामे करायला एक वयस्क गृहस्थ येतात. त्यांची स्वतःची तीन एकर धानाची बांधी त्या पुरात गेली होती. आई त्यांना 'भाऊ' म्हणते, म्हणून मीही. झाडीबोलीत 'ळ' नाही. त्यामुळे डोळ्याचा 'डोरा' होतो. 'पीस' उपटायचे का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी उकिडवे बसून बुंध्याशी अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. खाली हिरवे होते. "डोरा जिवंत हाये तं झाड जिवंत हाये, बाई," ते म्हणाले, आणि बांधीकडे जायला उठले. त्यांच्या बांधीत खरवडून पाहण्यासारखे काही उरले नव्हते. हे मला त्याच वेळी जाणवले आणि 'पीस'विषयीचे माझे दुःख किती आकाराचे आहे हेही कळले. तरी दुःख होतेच. आपल्याहून मोठे दुःख शेजारी असले म्हणून आपले नाहीसे होत नाही.

२७ ऑक्टोबरला छाटणी केली. दहांवर नेहमीपेक्षा जास्त डोळे राखले. 'पीस'च्या काड्या पांढरा गाभा शोधत खाली कापत गेले आणि जोडाच्या वर चार बोटे उरली तेव्हा थांबले. त्या दहा झाडांपैकी पहिल्याचे फूल १५ डिसेंबरला उमलले. वहीत नोंद केली.

'पीस'लाही नोव्हेंबरात फूट आली. आईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळले. मी दिवाळीला गेले आणि पाहिले: फूट जोडाच्या खालून होती. खुंटाची. जोडाच्या वरची चार बोटे सुकून चालली होती. म्हणजे जे जगले ते एडवर्ड होते आणि जे गेले ते वडिलांचे झाड. नियम स्पष्ट होता, वहीत तीनदा लिहिलेला होता. पण तो नियम वरचा गुलाब जिवंत असताना त्याला वाचवण्यासाठी होता. वरचे काही उरलेच नसेल तर खुंटाची फूट काढायची कुणासाठी? मी आईला सगळे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं हाच त्याला सांभाळत होता तर." फूट ठेवली. पुढच्या मार्चमध्ये तिला गुलाबी फुले आली, आणि आईने त्यांच्या पाकळ्या खडीसाखरेत घालून बरणी उन्हात ठेवली. वाडीतल्या गुलाबाचे खाता येऊ लागले.

त्यानंतर कळले की वडिलांनी फार वर्षांपूर्वी आपल्या 'पीस'चे डोळे गावातल्या एका सहकाऱ्याला दिले होते आणि त्यांच्याकडचे झाड धडधाकट आहे. २०२२ च्या जानेवारीत तिथून एक काडी आणली आणि भाऊंच्या ओळखीच्या एका माळ्याकडून एडवर्डच्या एका फांदीवर डोळा भरून घेतला. तो धरला. दुसरी फांदी आईने भरू दिली नाही. आता त्या बुंध्यावर दोन्ही आहेत: एका बाजूला पिवळसर 'पीस', दुसऱ्या बाजूला गुलाबी एडवर्ड.

बागायतशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था वाईट आहे. एडवर्ड जोमदार, 'पीस' नाजूक. झाडाला सोडून दिले तर तीन वर्षांत 'पीस' राहणार नाही. म्हणून दर ऑक्टोबरात एडवर्डची बाजू कडक छाटावी लागते आणि 'पीस'ची हलकी, आणि मधल्या काळातही लक्ष ठेवावे लागते. ज्याचे मूळ आहे त्यालाच जास्त कापायचे, आणि जो त्याच्यावर उभा आहे त्याला जपायचे, यात न्याय आहे का, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो. त्याचे उत्तर मी फक्त त्या वर्षापुरते देते: किती डोळे या बाजूला, किती त्या बाजूला. वहीत आता त्या झाडापुढे दोन ओळी असतात.

मजकुराची काटछाट, खर्चाची छाटणी, नोकरांची छाटणी असे शब्दप्रयोग आपण करतो आणि त्यांत बागेची आठवण जागी ठेवून कापण्याला एक प्रकारचा शहाणपणा बहाल करतो. लेखनापुरते ते ठीकच आहे. वाक्य कापले तर वाक्याला दुखत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र ही उपमा वापरणाऱ्याने ती पूर्ण वापरावी. बागेत कापणारा माणूस कापून निघून जात नाही. टोकांना लेप लावतो, आळे मोकळे करतो, खत देतो, पाणी सुरू करतो आणि फूट येईपर्यंत सहा आठवडे रोज जाऊन पाहतो. काप घेण्याआधी हिरवे खरवडून पाहतो. छाटणीचा अर्धा भाग सिकेटर खाली ठेवल्यावर सुरू होतो. तो अर्धा वगळून उरलेल्याला छाटणी म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे, आणि ज्यांना कापले त्यांच्यावर तर आहेच.

आईला आता वाकता येत नाही. ती वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसते आणि मी प्रत्येक काडीपाशी सिकेटर धरून तिच्याकडे पाहते. ती पुष्कळ वेळ घेते. गेल्या खेपेस एडवर्डच्या एका जाड काडीवर आमचे एकमत होईना. मी चार डोळे म्हणत होते, ती सहा. भाऊ पाण्याची नळी घेऊन उभे होते, ते म्हणाले, पाच ठेवा. पाच ठेवले.